सोयाबीनमध्ये मक्याचे आंतरपीक घ्यावे का? (कोरडवाहू, काळी जमीन)

प्रश्न
रिसोड तालुका, जिल्हा वाशिम

सर्वांना नमस्कार.

आमची ५ एकर मध्यम ते भारी काळी जमीन आहे. विहीर आहे, पण तिचे पाणी हरभऱ्याला दोन वेळा देण्यापुरतेच पुरते. खरीप पूर्णपणे पावसावर असतो. गेल्या ९ वर्षांपासून खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा हाच क्रम आम्ही चालवत आहोत. बाबा सांगतात की आरंभीच्या वर्षांत एकरी ९ ते १० क्विंटल सोयाबीन होत असे. त्यांच्या आजारपणामुळे गेल्या २ हंगामांपासून शेतीचे निर्णय मी घेते आणि या दोन्ही हंगामांत एकरी ६ क्विंटलच्या पुढे आम्ही गेलो नाही. बियाणे, खत आणि फवारणी यांत मी काटकसर केलेली नाही, त्यामुळे तेच ते पीक घेऊन जमीन थकली असावी असे मला वाटू लागले आहे.

आमच्या शिवारात मागील वर्षी काही जणांनी मका लावला होता. त्यांच्याकडून असे ऐकले की मका आणि सोयाबीन एकत्र पेरले तर सोयाबीन मक्याला नत्र पुरवते, युरिया वाचतो आणि दोन्ही पिकांचे मिळून उत्पन्न वाढते. ऐकायला हे पटते, पण नुसत्या ऐकीव माहितीवर ५ एकर पणाला लावणे मला परवडणार नाही. म्हणून तीन गोष्टी विचारते. सोयाबीनचे नत्र मक्याला त्याच हंगामात मिळते हे खरे आहे का? किती तास (म्हणजे पेरणीच्या ओळी) सोयाबीन आणि किती तास मका ठेवावा? आणि निंदणाला मजूर मिळत नसल्यामुळे आमचे तणनियंत्रण बहुतांशी तणनाशकावर चालते, तर एक एकदल आणि एक द्विदल पीक शेजारी असताना ते कसे करावे? ज्यांनी स्वतःच्या शेतात हे केले आहे त्यांनी, प्रयोग फसला असला तरी, कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १
मेहकर तालुका, जिल्हा बुलडाणा

ताई, मी हा प्रयोग २ हंगाम केला आहे. पहिल्या हंगामात तो पुरता फसला, म्हणून आधी तेच सांगतो.

पहिल्या वर्षी मी एक तास सोयाबीन आणि एक तास मका असे आलटून पालटून पेरले. दोन्ही पिकांना सारखीच जागा मिळेल आणि सोयाबीनचा फायदा मक्याच्या प्रत्येक तासाला होईल, असा माझा हिशोब होता. पहिला महिना शेत पाहण्यासारखे होते. ४५ दिवसांच्या सुमारास मका सोयाबीनच्या डोक्यावरून गेला आणि मग सोयाबीनचे रूप बदलले. उजेडाच्या ओढीने झाडे उंच झाली, पेरी लांबली, खोड बारीक राहिले, खालची पाने पिवळी होऊन गळाली. शेंगा भरण्याच्या वेळी दोन दिवसांची झड लागली आणि अर्धे सोयाबीन आडवे झाले. ते सोंगताना बायांना जो त्रास झाला तो वेगळाच.

तणाचे तर त्याहून वाईट झाले. पेरणीनंतर विसाव्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सोयाबीनचे तणनाशक आणले आणि पंपाच्या नोझलला टोपी लावून फक्त सोयाबीनच्या तासांवर मारले. ४५ सेंटिमीटरच्या अंतरात टोपी लावूनही औषध शेजारी गेलेच. पाचव्या दिवशी मक्याचे पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने) पिवळे पडले आणि ज्या भागात वारा होता तिथला मका वाळून गेला. दुकानातून औषध घेताना शेतात मका आहे हे मी सांगितले नव्हते आणि मला कोणी विचारलेही नाही.

दुसऱ्या वर्षी मी पद्धत बदलली. चार तास सोयाबीन आणि दोन तास मका अशी पट्ट्याने पेरणी केली. पेरणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी, जमिनीत ओल असताना, पेंडीमिथॅलीन हे तणनाशक मारले. ते सोयाबीन आणि मका या दोन्ही पिकांना चालते, मात्र उगवणीपूर्वीच मारावे लागते. त्यानंतर दोन वेळा डवरणी (ओळींमधली कोळपणी) केली आणि एक निंदण हाताने करून घेतले. पिकाच्या वाढीत कोणतेही तणनाशक शेतात जाऊ दिले नाही. त्या १ एकरात ४.५ क्विंटल सोयाबीन आणि ९ क्विंटल मका झाला. शेजारच्या तुकड्यात त्याच वाणाचे सलग सोयाबीन होते, ते एकरी ७ क्विंटल झाले. पैशाचा हिशोब आंतरपिकाच्या बाजूने गेला, तरी एक निंदण, कणसे मोडणे, ती सोलणे आणि दाणे काढणे हा खर्च त्यातून वजा करावा लागतो.

दोन गोष्टी अजून मनात आहेत. त्या तुकड्यात चक्रीभुंगा ही सोयाबीनची कीड सलग सोयाबीनपेक्षा अधिक दिसली. ती मक्यामुळे होती की योगायोग, हे मला ठरवता आले नाही. आणि हार्वेस्टर अशा शेतात चालत नाही, सर्व सोंगणी हातानेच करावी लागते, हे आधीच लक्षात घ्यावे.

उत्तर २
अकोला, कृषी विस्तार सेवेतून निवृत्त

ताईंचा प्रश्न आणि मेहकरच्या भाऊंनी प्रामाणिकपणे दिलेला अनुभव, दोन्ही वाचून समाधान वाटले. क्रमाने लिहितो.

सोयाबीन मक्याला नत्र पुरवते, हा समज फार पसरलेला आहे आणि जशाच्या तशा अर्थाने तो बरोबर नाही. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत राहणारे ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. या गाठी कामाला लागायला पेरणीनंतर ३ ते ४ आठवडे जातात आणि फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत त्यांचे काम सर्वाधिक असते. मक्याची नत्राची मोठी भूक मात्र तो गुडघ्याएवढा झाल्यापासून तुरा येईपर्यंत, म्हणजे साधारण ३० ते ५५ दिवसांच्या काळात असते. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिने म्हणजे नत्रच, त्यामुळे या पिकाने कमावलेले बहुतेक नत्र पोत्यात भरून बाजारात जाते. जे मागे राहते ते गळालेल्या पानांत आणि मुळांत असते व ते कुजल्यावर पुढच्या पिकाला मिळते. उभ्या हंगामात शेजारच्या मक्याला मिळणारा वाटा फारच थोडा असतो. त्या आशेवर मक्याचा युरिया बंद केला तर मका पिवळा पडेल.

मग उत्पन्न वाढते ते कशाने? माझ्या समजुतीप्रमाणे मुख्य कारण उजेड हे आहे. सलग मक्यात आतल्या झाडांना फक्त शेंड्यावरून ऊन मिळते. दोन तासांच्या पट्ट्यातील मक्याच्या प्रत्येक झाडाला एक बाजू मोकळी मिळते, आणि धुऱ्याकडेच्या (बांधाजवळच्या) तासाचे कणीस नेहमी मोठे का असते हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पट्टा पद्धतीत मक्याचा प्रत्येक तास जणू धुऱ्याकडेचा होतो. दुसरे कारण नत्राच्या वाटणीचे आहे. मका जमिनीतील नत्र भराभर उचलतो, त्यामुळे शेजारच्या सोयाबीनला हवेतील नत्रावर अधिक अवलंबून राहावे लागते. सोयाबीन मक्याला देते असे म्हणण्यापेक्षा ते जमिनीतला वाटा मक्यासाठी सोडते, असे म्हणणे अधिक खरे आहे.

या उजेडाच्या हिशोबावरच चीनने आपली पट्टा पद्धत उभी केली. सिचुआन कृषी विद्यापीठात या पद्धतीवर दीर्घकाळ काम झाले आणि २०२२ मध्ये तेथील सरकारने सुमारे १० लाख हेक्टरवर मका-सोयाबीन पट्टा पेरणीचे लक्ष्य ठेवले. तिथे मक्याचे दोन तास ४० सेंटिमीटरवर जवळ आणतात, तासातील झाडे दाट करून मक्याची एकरी संख्या सलग पिकाएवढीच राखतात आणि मधल्या रुंद पट्ट्यात सोयाबीन घेतात. आपल्या कोरडवाहू शेताने ती दाटी मात्र जशीच्या तशी उचलू नये. ऑगस्टमध्ये पावसाची उघडीप पडली आणि नेमका तेव्हाच मक्याला तुरा व रेशीम येत असले, तर दाट मक्याची कणसे अर्धवट भरतात आणि दोन्ही पिके एकमेकांचे पाणी ओढतात.

आता मेहकरच्या भाऊंच्या आकड्यांकडे येतो, कारण त्यांत शिकण्यासारखे बरेच आहे. चारास दोन या रचनेत सर्व तास ४५ सेंटिमीटरवर असले तर सोयाबीनकडे दोन तृतीयांश जमीन राहते, म्हणजे १ पैकी ०.६७. त्यांना सलग ७ क्विंटलच्या तुलनेत ४.५ क्विंटल मिळाले, म्हणजे ०.६४. याचा अर्थ पट्ट्यात आल्यावर मक्याच्या सावलीने सोयाबीनचे नुकसान जवळपास केलेच नाही. मक्याच्या ९ क्विंटलची तुलना करण्यासाठी मात्र त्यांच्याकडे सलग मका नव्हता. त्यांच्या जमिनीत सलग मका १६ क्विंटल होणार असेल तर मक्याचा वाटा ०.५६ होतो आणि दोन्हींची बेरीज १.२० येते, १ एकर आंतरपिकाने १.२० एकराचे काम केले, असा त्याचा अर्थ. सलग मका २० क्विंटल होणार असेल तर बेरीज १.०९ राहते आणि २५ क्विंटल होणार असेल तर ती १.०० वर येते, म्हणजे दोन पिके वेगवेगळ्या तुकड्यांत घेतली असती तरी तेवढेच झाले असते आणि मजुरी वाचली असती. या बेरजेला जमीन समतुल्य गुणोत्तर म्हणतात. ती काढल्याशिवाय आंतरपीक फायद्याचे झाले की नाही हे कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.

पैशाचा हिशोबही मांडतो. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि मक्याचा २,४०० रुपये जाहीर झाला होता. त्या दराने ४.५ क्विंटल सोयाबीन आणि ९ क्विंटल मका मिळून ४५,५७६ रुपये होतात, तर सलग ७ क्विंटल सोयाबीनचे ३७,२९६ रुपये. फरक ८,२८० रुपयांचा आहे. त्यातून वाढीव मजुरी वजा करावी आणि प्रत्यक्ष बाजारभाव हमीभावाच्या खाली असेल तर तो धरावा.

चक्रीभुंग्याबद्दल भाऊंना आलेली शंका अगदी योग्य आहे. सोयाबीनच्या कीड व्यवस्थापनाच्या शिफारशीत सोयाबीनबरोबर लवकर येणारी तूर, मका किंवा ज्वारी ४:२ प्रमाणात घेण्यास सांगितलेले आहे, आणि त्याच शिफारशीत पुढे असेही म्हटले आहे की ज्या भागात चक्रीभुंगा नेहमी येतो तिथे मका आणि ज्वारी यांचे आंतरपीक टाळावे. लोक पहिले वाक्य सांगतात आणि दुसरे सांगत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते. पश्चिम विदर्भातील अनेक गावांत ही कीड दरवर्षीची आहे. ताई, मागील हंगामात तुमच्या शेतात पानाच्या देठावर किंवा खोडावर शेजारी शेजारी दोन वळ्या आणि त्यांच्या वरचा भाग सुकलेला, असे दिसले होते का? या प्रश्नाचे उत्तर तुम्ही आधी शोधावे. बाकी सगळे त्यानंतर.

उत्तर ३
कारंजा तालुका, जिल्हा वाशिम

माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्या भागात सोयाबीनबरोबर तुरीचे आंतरपीक पूर्वीपासून आहे आणि त्याला कारण आहे. सोयाबीन १०० दिवसांच्या आसपास निघते, तेव्हा तूर अजून फुलावरही आलेली नसते. सोयाबीन निघाल्यावर तिला सगळी जागा आणि परतीच्या पावसाची ओल मिळते. मका आणि सोयाबीन यांचे तसे नाही. दोन्ही पिके साधारण एकाच वेळी वाढतात, एकाच वेळी पाणी मागतात आणि एकाच वेळी काढणीला येतात. घरात माणसे कमी असतील तर त्या पंधरवड्यात कोणते पीक आधी आणावे हे सुचत नाही. मक्याची धांडे शेतातून काढेपर्यंत हरभऱ्याची पेरणी लांबते ती वेगळीच.

दुसरे म्हणजे रानडुकरे. मक्याचे कणीस दुधावर आले की ती एका रात्रीत पट्टेच्या पट्टे लोळवतात, आणि मक्यासाठी आत शिरलेला कळप सोयाबीनही तुडवतो. ताई, तुमचे शेत जंगलाच्या किंवा नाल्याच्या कडेला असेल तर राखणीची सोय असल्याशिवाय मका लावू नये असे मी कळकळीने सांगेन.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
रिसोड तालुका, जिल्हा वाशिम

तिघांचेही मनापासून आभार. अकोल्याच्या सरांचे उत्तर मी बाबांना वाचून दाखवले.

चक्रीभुंग्याच्या दोन वळ्या मागील वर्षी नाल्याकडच्या २ एकरांत पुष्कळ दिसल्या होत्या. तिथे आम्ही बियाणेही दाट टाकले होते, एकरी ४० किलोच्या वर. घराजवळच्या ३ एकरांत क्वचित एखादे झाड दिसले. रानडुकरेही नाल्याकडूनच येतात. घराजवळच्या तुकड्यात अजून शिरलेली नाहीत.

तूर आम्ही पूर्वी घेत होतो. तूर उभी असली की त्या शेतात हरभरा घेता येत नाही आणि हरभऱ्याच्या पैशावर आमचे वर्षाचे बरेच काही अवलंबून असते, म्हणून ती सोडली. मका ऑक्टोबरमध्ये निघाला तर हरभरा थोडा उशिरा का होईना, पेरता येईल असे वाटते.

सरांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सोयाबीनला युरिया नको आणि मक्याला हवा, तर एकाच शेतात खत कसे द्यावे? आणि माझी मूळ शंका ९ वर्षांच्या एकाच पीकक्रमाची होती. आंतरपिकाने ती दूर होते का?

उत्तर २ चे लेखक

ताई, तुम्ही शेत बारकाईने पाहता हे या माहितीवरून कळते. नाल्याकडचे २ एकर या प्रयोगातून वगळा, हे माझे स्पष्ट मत आहे. तिथे सोयाबीन घ्यायचे असेल तर बियाणे एकरी ३० किलोच्या पुढे नेऊ नका, कारण दाटीमुळे चक्रीभुंगा वाढतो. सुकलेले देठ आणि शेंडे दिसताच दर आठवड्याला खुडून नष्ट करा.

खताचे असे करता येईल. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश ही शिफारस धरली, तर चार तासांच्या वाट्याला एकरी साधारण ८ किलो नत्र, २० किलो स्फुरद आणि ८ किलो पालाश येते, आणि ते सर्व पेरणीसोबत द्यायचे असते. सलग मक्याला हेक्टरी १२० किलो नत्र म्हणजे एकरी ४८ किलो होते. मक्याची झाडे ४५ बाय २० सेंटिमीटरवर ठेवली तर चारास दोनच्या रचनेत एकरी सुमारे १५,००० झाडे बसतात. सलग पिकात ६० बाय २० वर ती ३३,००० च्या पुढे असतात. त्या प्रमाणात आंतरपिकातील मक्याला एकरी २१ किलो नत्र पुरेसे आहे. त्यातील ७ किलो पेरणीसोबत द्यावे आणि उरलेल्या १४ किलोंसाठी लागणारा ३० किलो युरिया दोन हप्त्यांत, पहिला ३० दिवसांच्या सुमारास आणि दुसरा तुरा येण्यापूर्वी, जमिनीत ओल पाहून द्यावा. हा युरिया फेकून देऊ नये. मक्याच्या दोन तासांच्या मधल्या जागेत डवऱ्याने किंवा खुरप्याने लहान चर काढून त्यात पेरावा आणि मातीने झाकावा. दोन तास जोडीने असण्याचा हा मोठा फायदा आहे. मधली जागा मक्याचीच असते आणि सोयाबीनच्या मुळांपर्यंत तो युरिया फारसा जात नाही. सोयाबीनला तो मिळाला तर गाठी कमी होतात आणि नुसता पाला माजतो.

बीजप्रक्रिया करताना बुरशीनाशक आधी लावावे, ते सुकल्यावर कीटकनाशक वापरणार असाल तर ते, आणि रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू सर्वांत शेवटी, पेरणीच्या अगदी आधी, सावलीत. ४० दिवसांच्या सुमारास सोयाबीनची चार-पाच झाडे मातीसकट उपटून पाहा. गाठ फोडल्यावर आतून गुलाबी दिसली तर ती काम करते आहे; पांढरी किंवा हिरवट दिसली तर नाही.

पीकक्रमाबद्दलची तुमची शंका महत्त्वाची आहे, कारण सोयाबीन आणि हरभरा ही दोन्ही शेंगवर्गीय पिके आहेत आणि जमिनीतील मूळकूज आणणाऱ्या काही बुरशींना वर्षभर खाद्य मिळत राहते. मक्यासारखे तृणधान्य मध्ये आल्याने फरक पडतो, पण चारास दोनच्या रचनेत तो तिसऱ्या हिश्श्याच्या जमिनीलाच मिळतो. पुढच्या वर्षी मक्याचे तास सरकवून सोयाबीनच्या जागी आणले तरी संपूर्ण शेत फिरायला ३ वर्षे लागतील. केवळ जमिनीला विसावा हा हेतू असेल, तर एखाद्या एकरात सलग मका घेणे अधिक सोपे आणि परिणामकारक आहे. म्हणूनच मी सुचवतो की घराजवळच्या ३ एकरांपैकी १ एकर यासाठी काढा. त्यात २० गुंठे आंतरपीक, १० गुंठे सलग सोयाबीन आणि १० गुंठे सलग मका, तिन्ही शेजारी शेजारी, एकाच दिवशी पेरलेले. तिन्ही तुकड्यांची मळणी वेगळी करून वजन लिहून ठेवले, तर तुमच्या जमिनीचे उत्तर तुम्हाला तुमच्याच शेतातून मिळेल, आणि त्या एकराच्या निम्म्या भागात उत्तम किंवा वाईट काही झाले तरी उरलेले शेत सुरक्षित राहील.

मक्याचा वाण लवकर येणारा, मध्यम उंचीचा आणि उभट पानांचा घ्यावा. तास उत्तर-दक्षिण असले तर सोयाबीनला ऊन सारखे मिळते, परंतु तुमच्या शेताचा उतार त्याच दिशेने असेल तर उजेडाचा विचार सोडून उताराला आडवीच पेरणी करावी; माती वाहून गेली तर उजेडाचा काय उपयोग. मक्यावरील लष्करी अळी २०१८ मध्ये आपल्या देशात आली आणि तेव्हापासून ती दरवर्षी असते. उगवण झाल्यापासून आठवड्यातून दोन वेळा पोंगे पाहावेत. शेवटी, ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून सातबाऱ्यावर होणाऱ्या पीक नोंदणीत) या तुकड्याची नोंद मिश्र पीक म्हणून करावी. नुसते सोयाबीन नोंदवले तर मका हमीभाव केंद्रावर नेताना सातबाऱ्यावर तो दिसणार नाही.

उत्तर ४
दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ

चर्चा चांगली झाली, पण पेरणी कशी करावी हे कोणी लिहिले नाही, आणि गोंधळ तिथेच होतो. ताई, तुमच्याकडे बैलांची तिफण असेल तर चारास दोन करण्यासाठी काहीही मोजावे लागत नाही. १८ इंची तिफणीच्या चाड्याचे (बी सोडण्याच्या भांड्याचे) उजव्या हाताचे भोक कापडाच्या बोळ्याने बंद करा. चाड्यातून फक्त सोयाबीन सोडा, ते डाव्या आणि मधल्या फणातून पडेल. उजव्या फणामागे सरता (बी सोडण्याची वेगळी नळी) बांधा आणि एका बाईने त्यातून मका सोडत चालावे. जाताना सोयाबीन, सोयाबीन, मका असे तीन तास पडतील. धुऱ्यावरून वळून लगेच शेजारून परत आलात की तिफणीची उजवी बाजू आधीच्या मक्याकडे येते, म्हणून मक्याला लागून मका पडतो आणि पुढे दोन तास सोयाबीन. पुन्हा वळलात की त्या दोन तासांना लागून सोयाबीनचे आणखी दोन तास येतात. अशा रीतीने दोन तास मका आणि चार तास सोयाबीन ही रचना आपोआप होत जाते. लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच, की सरता शेवटपर्यंत उजव्या फणामागेच राहिला पाहिजे आणि मध्ये एकही पाळी सोडून वळायचे नाही. आम्ही कपाशीत तूर टाकताना सरत्याचा असाच उपयोग करत आलो आहोत.

ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने पेरायचे असेल तर फण सहाच ठेवा आणि मधल्या दोन फणांच्या पेटीत मका भरा. जाता-येता दोन्ही वेळा रचना तीच राहते. मक्याची चकती वेगळी लागते, ती आधी बसवून घरासमोर चालवून पाहावी. दोन्ही पद्धतींत मका थोडा दाटच पडतो. उगवणीनंतर १२ ते १५ दिवसांनी, ओल असताना, दोन झाडांत एक वीत अंतर राहील अशी विरळणी करावी. बहुतेक लोक जीव होत नाही म्हणून ती करत नाहीत आणि पुढे कणसे भरली नाहीत म्हणून बियाण्याला दोष देतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद
रिसोड तालुका, जिल्हा वाशिम

दारव्ह्याच्या भाऊंनी सांगितलेली वळणाची रीत मी वहीवर रेघा काढून तपासली. अगदी तशीच येते. बाबांनी ती पाहिली आणि आमचा जुना सरता गोठ्याच्या माळ्यावर असल्याचे सांगितले. तो आज खाली काढला, नळी एका ठिकाणी चिरलेली आहे, ती बदलून घेते.

निर्णय असा केला आहे. नाल्याकडच्या २ एकरांत बियाणे ३० किलोंवर आणून सलग सोयाबीन, घराजवळच्या २ एकरांत नेहमीप्रमाणे सोयाबीन, आणि उरलेल्या १ एकरात सरांनी सांगितल्याप्रमाणे २०, १० आणि १० गुंठ्यांचे तीन तुकडे. चांगला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करणार नाही. मेहकरच्या भाऊंचा अनुभव लक्षात ठेवून पेंडीमिथॅलीनचा डबा आधीच आणून ठेवते आणि त्या १ एकरासाठी निंदणाच्या बाया आत्ताच सांगून ठेवते. तिन्ही तुकड्यांची वजने दिवाळीपूर्वी येथेच लिहीन.